वापरून सैल होईल

चपलांच्या दुकानातला माणूस दिवसभरात दोनच वाक्यं बोलतो. जोड घट्ट असला तर, "वापरून सैल होईल." सैल असला तर, "मोजे घातले की बरोब्बर बसेल." तिसरी शक्यता, म्हणजे जोड पायाला नेमका बसणं, ही त्यानं पाहिलेली नाही आणि मीही नाही. मी 34 वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. कुठलीही किंमत घातली तरी उत्तर 'घेऊन टाका' असंच येतं, असं समीकरण मला फक्त चपलांच्या दुकानात भेटलं.

माझ्या लहानपणी वडिलांनी हा प्रश्न मुळातच निकालात काढला होता. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी काळे बूट घ्यायचे, ते 'वाढत्या पायाचे'. वाढत्या पायाचे म्हणजे दोन नंबर मोठे. पुढं राहिलेल्या पोकळीत वर्तमानपत्राचा बोळा. आमच्याकडं 'पुढारी' यायचा. पुढारी आपल्या पायाशी असण्याचा अनुभव मला आयुष्यात तेवढाच आला. पहिलं वर्ष बोळा घालून, दुसरं वर्ष बोळा काढून, तिसरं वर्ष बोटं मुडपून, असे ते बूट चालायचे. हिशेब केला तर या तीन वर्षांत मध्येच कधीतरी आठ-पंधरा दिवस ते पायाला बरोबर येत असणार. पण तो योग बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत जुळून येत असावा, कारण माझ्या पायाला तसं काही आठवत नाही.

शिवाय मी राहतो कोल्हापुरात. कोल्हापुरात राहून चप्पल चावते म्हणणं म्हणजे पंढरपुरात राहून गर्दी होते म्हणणं. इथं नवी चप्पल चावतेच. ते कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरलेलं असतं, त्याला स्वतःची ठाम मतं असतात. चप्पल लाईनमधून जोड आणला की पहिल्या रात्री त्याला तेल पाजायचं. दुसऱ्या दिवशी घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं आणि अनवाणी परत यायचं. तिसऱ्या दिवशी अंगठ्याशेजारी फोड. पाचव्या दिवशी फोड फुटतो. पंधरा दिवसांनी तिथं घट्टा पडतो आणि आपण चारचौघांत सांगतो, "रुळली बरं का चप्पल." चप्पल होती तशीच असते. रुळलेला असतो तो पाय. आमच्या गल्लीत कुणी लंगडत येताना दिसला तर "काय लागलं?" असं कुणी विचारत नाही. "कितीला घेतली?" असं विचारतात.

म्हणून 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाची पोरं थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालली, तेव्हा गावात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. एक रागाची. ती बरोबरच होती. 2019 पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले 4 आणि कर्नाटकातले 4 जिल्हे मिळून, आणि त्या शोमध्ये कोल्हापूरचं नावच नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर प्राडानं ते मान्य केलं. दुसरी प्रतिक्रिया आमच्या गल्लीतल्या वस्तादांची. त्यांनी मोबाइलवर तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाले, "कुणीच लंगडंना झालंय. आपली न्हवं ही."

वस्ताद म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेले शेजारी. वय 74. तालमीत दोन पिढ्या घडवल्या. पाऊल असं की ते दारात उभे राहिले तर आधी पाय दिसतात आणि मग वस्ताद. ते पुढं येणारच आहेत.

आता मूळ मुद्दा. मुलगा पुण्याला हिंजवडीत असतो. माझ्या 63 व्या वाढदिवसाला त्यानं दोन खोकी पाठवली. मोठ्यात धावायचे बूट. छोट्यात मनगटी घड्याळ, पण त्याला घड्याळ म्हटलेलं मुलाला चालत नाही. "बाबा, वॉच म्हणा. स्मार्टवॉच." मुलांनी दिलेल्या भेटवस्तूंचा अर्थ लावत बसू नये हे मला कळतं. तरीपण बूट आणि घड्याळ एकदम पाठवणं म्हणजे 'चालायला लागा, वेळ थोडा आहे' यापेक्षा वेगळं काय होतं?

बूट नारिंगी होते. टाचेला पोपटी. तळवा चार बोटं जाड. पहिल्यांदा घालून दारात आलो तर वस्ताद ओट्यावर दात घासत बसले होते. त्यांनी तोंडातली चूळ टाकली, नीट बघितलं आणि विचारलं, "सर, हे बूट हाय का गादी?"

गादीच होती तशी. आतलं अस्तर म्हणे मेमरी फोमचं. 1966 च्या सुमाराला नासाच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी, हा फोम निघाला. दाबलं की आकार घेतो, सोडलं की सावकाश मूळपदावर येतो. म्हणजे आता माझ्या बुटाला स्मरणशक्ती होती आणि चष्मा कुठं ठेवला ते मला आठवत नव्हतं.

पण एवढी अवकाशविद्या पोटात असून बूट चावले ते चावलेच. लांबीला बरोबर, रुंदीला घट्ट. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, तुमचाच नंबर आहे. थोडे दिवस वापरा, सैल होतील." पोराला इंजिनिअर करायला मी फंडाचे पैसे काढले होते, आणि तो बोलत होता चपलांच्या दुकानातलं पहिलं वाक्य.

मग मी नंबर या प्रकरणाच्याच मागं लागलो. आपण जो इंग्रजी नंबर सांगतो, सात, आठ, नऊ, त्यात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि तो तृतीयांश आला जवाच्या दाण्यावरून. साहेब पाय दाण्यांनी मोजत होता! आपल्याकडंही 8 यव म्हणजे एक अंगुल असं जुनं माप आहेच, म्हणजे जवावर सगळ्यांचं एकमत. पण दाणे मांडायचे ते टाचेपासून अंगठ्यापर्यंत. आडवे कुणी मांडायचे? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं अलीकडं देशभरातल्या लाखभर लोकांचे पाय मोजले तेव्हा निघालं की भारतीय पाऊल युरोपी पावलापेक्षा रुंद असतं. म्हणून आता 'भा' नावाची आपली स्वतंत्र मापं करायचं चाललंय. मी बातमी वाचून सौ.ला मोठ्यानं ऐकवली. इतकी वर्षं पाय बिघडलेत असं वाटत होतं, ते राष्ट्रीय निघाले. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण राष्ट्रीय पाय धुऊन आत या."

हे धुऊन आत येणं हीच तर खरी पंचाईत. हे बूट ज्यानं आखले तो माणूस सकाळी बूट घालत असणार आणि रात्री काढत असणार. त्याला आपला दिवस कुठून ठाऊक असणार! मी एकदा मोजलं. सकाळी फिरून आलो, काढले. दूध आणायला गेलो, घातले. आलो, काढले. अंबाबाईला गेलो, काढले, घातले. येताना गल्लीतल्या मारुतीला हात जोडायचे म्हणून काढले, घातले. डॉक्टरांच्या दारात 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. झेरॉक्सच्या दुकानात पाटी नव्हती, पण नुकतीच फरशी पुसून ती मुलगी माझ्या पायाकडं अशी बघत होती की तिथंही काढले. दुपारपर्यंत अकरा वेळा. एका वेळेला दोन पाय, एका पायाला एक गाठ, शिवाय डबल गाठ, कारण एकेरी सुटते. म्हणजे अकरा वेळा खाली वाकणं आणि अकरा वेळा गुडघ्यावर हात ठेवून 'आई गं' म्हणत उठणं. व्यायाम झाला, नाही असं नाही. चालायचा तेवढा राहिला.

पाचव्या दिवशी मी तेच केलं जे या महाराष्ट्रात प्रत्येक सभ्य गृहस्थ शेवटी करतो. बुटाची मागची कड टाचेखाली दाबून टाकली. बूट होता, त्याची चप्पल झाली. रस्त्यानं फटाक फटाक आवाज करत अगदी मजेत चाललो. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. मोबाइल ही कुठं धरेल याचा नेम नसतो. तिनं सोफ्यावरून मला दाखवता दाखवता पाय दाखवले. पलीकडून किंकाळी आली. "बाबा, नऊ हजारांचे आहेत ते!" मी जागच्या जागी टाच वर घेतली. नऊ हजारांत आमच्या वडिलांनी शाहूपुरीत खोली घेतली असती.

पण बुटाचा छळ निदान उंबऱ्याबाहेरचा. घड्याळ घरात आलं, मनगटावर बसलं, रात्री अंथरुणातही आलं.

त्याची पहिली मागणी रोज 10,000 पावलांची. हा आकडा वैद्यांनी किंवा ऋषींनी काढलेला असेल असं मी धरून चाललो होतो. तर तो निघाला जपानी. टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, 1965 मध्ये, तिथल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि नाव ठेवलं 'मानपोकेई', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मीटर'. नाव आधी, शास्त्र मागाहून. मी मुलांना सांगत आलोय की उत्तर फार सुबक आलं तर गणित पुन्हा तपासा. पण सगळ्या जगानं ते तसंच वहीत उतरवून घेतलं.

बरं, चालायला माझी ना नव्हती. पहिल्या दिवशी पहाटे रंकाळ्याला अख्खी फेरी मारली. शालिनी पॅलेस मागं टाकला, संध्यामठाजवळ घाम पुसला, आणि मोठ्या अपेक्षेनं मनगट बघितलं. 214. दोनशे चौदा! त्याचं कारण असं की हे यंत्र पायांकडं बघतच नाही. ते मनगटावर असतं, आत वेगातला फरक ओळखणारी एक चिप असते, आणि हात जेवढे हेलकावतील तेवढी पावलं पडली असं ते समजतं. मी चालतो हात पाठीमागं बांधून. 34 वर्षं बाकांच्या मधून असाच फिरलो. घड्याळाच्या मते मी रंकाळ्यावर उभाच होतो, रंकाळाच माझ्याभोवती फिरून गेला.

येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. म्हैस समोर, धार समोर, पितळेच्या तांब्यातून फेसाळलेलं दूध पेल्यात. 214 पावलांवर एवढं दूध पचेल का, असा विचार पहिल्यांदाच मनात आला, आणि तो या घड्याळानं आणला. म्हशीकडं बघवेना.

संध्याकाळी घरी आरती होती. मी टाळ्या वाजवल्या. गणपतीची, देवीची, शंकराची, विठ्ठलाची, मंत्रपुष्पांजली. प्रसाद घेऊन बसलो तर मनगट थरथरलं: 1,300. देवानं दिलं म्हणतात ते असं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेही घड्याळानं सकाळी सांगितलं. झोपेचे गुण 100 पैकी 52. चौतीस वर्षं मी मुलांना गुण दिले. आता झोपेत माझी परीक्षा. सौ.ला दाखवलं तर म्हणाली, "52? घोरण्याचे धरलेत का?"

दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापत होती आणि मी उभ्या उभ्या बघत होतो. पीठ मळणं, गोळा, मग परातीत थपथप थपथप, मध्ये फिरवणं, परत थपथप. गणिताच्या माणसाला लय दिसली की संशय येतो. म्हटलं, "अगं, जरा हे हातात घालतेस?" बारा भाकरी झाल्यावर बघितलं: 1,152 पावलं. भाकरीला 96. स्वयंपाकघरातून बाहेर पाऊल न टाकता! त्या आठवड्यात आमच्याकडं भाकऱ्या इतक्या झाल्या की उरलेल्या तुकड्यांचा रोज कुस्करा. मुलाचा मेसेज आला, "ग्रेट बाबा! सकाळी साडेसहा ते सात वेग एकदम स्थिर आहे." सौ.नं तो वाचला आणि म्हणाली, "36 वर्षं मी चालतेय, आज कळलं होय कुणाला तरी."

तिचं चुकलं नव्हतं. यंत्र घरात आलं की मोजायची रीतच बदलते, यावरून आमच्या आजीची गोष्ट आठवली. घरात पहिला प्रेशर कुकर आला तेव्हा ती दाराआड उभी राहून, डोळे मिटून, शिट्ट्या मोजायची. तो फुटणार याबद्दल तिला शंकाच नव्हती, फक्त कधी एवढाच प्रश्न होता. पण वर्षभरात असं झालं की तिच्या लेखी घटका-पळं गेली आणि काळ शिट्ट्यांत मोजला जाऊ लागला. "कुठवर गेलायस रे?" "इथंच, कोपऱ्यावर." "तीन शिट्ट्यांत ये."

घड्याळाबद्दलचा माझा आदर मात्र एका दुधी भोपळ्यानं संपवला. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं, त्यावरून ते ठोके मोजतं. इथवर पटलं. पण ज्याच्या अंगात रक्तच नाही त्याचं काय? ओट्यावर दुधी पडला होता, मनगटाएवढा बारीक. पट्टा आवळला. दिवा लुकलुकला, घड्याळानं थोडा विचार केला आणि आकडा दिला: 74. त्या वेळी माझे 88 होते. रात्री दुधीची भाजी होती. मी खाल्ली, पण अंगावर काटा आला.

तरी हातातून काढलं नाही. मुलगा विचारतो ना. मग एक दिवस एका ओळखीच्या घरी सांत्वनाला गेलो. वृद्ध गृहस्थ गेलेले. सगळे खाली मान घालून सतरंजीवर बसलेले, कुणीतरी "शेवटी शेवटी काही खातही नव्हते" असं सांगत होतं. मीही चुकचुकलो. इतक्यात मनगट गुरगुरलं. मी हातावर हात ठेवला. शेजारच्या बाईंनी बघितलं, मीही बघितलं. काचेवर रंगीत फटाके उडत होते आणि मध्ये लिहिलं होतं, 'अभिनंदन! आजचं ध्येय पूर्ण.' बाईंनी माझ्याकडं टाकलेली नजर कुठल्याच चिपला मोजता येणार नाही.

याच सुमाराला भाच्याचं लग्न निघालं. नारिंगी बूट घालून बोहल्यावर अक्षता टाकायला जाणं माझ्या बुद्धीला पटेना. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून ठेवणीतले बूट काढले. काळे, चकचकीत. मुलाच्या लग्नात घेतलेले, तीन तास घातलेले, आणि नंतर पातळ कागदात गुंडाळून, खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवीचं तोंड बांधून नऊ वर्षं जपलेले. आपल्याकडं चांगल्या वस्तूची खूण हीच की ती कुणी वापरत नाही.

कार्यालयाच्या फाटकापर्यंत सगळं ठीक होतं. आत पायघड्या होत्या, लाल. मी झोकात चाललो होतो. थोडं मऊ मऊ लागत होतं, म्हटलं गालिचा चांगला दिसतोय. मंडपाच्या मध्यावर एक लहान मुलगी मागून आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं काहीतरी सांडतंय." मागं वळून पाहिलं तर फाटकापासून माझ्यापर्यंत काळ्या चुऱ्याची एक रेघ आली होती. मध्ये मध्ये मोठे तुकडे. डाव्या बुटाचा तळवा कमानीपाशीच राहिला होता. उजव्याचा अर्धा अजून माझ्याबरोबर होता, पण मनानं तोही गेलेलाच होता. वरून बूट अखंड, आरशासारखा. खालून मी मोज्यांवर. फोटोत मी सगळीकडं दुसऱ्या रांगेत आहे.

दुसऱ्या दिवशी ते अवशेष घेऊन दुकानात गेलो. पॉलियुरेथेनचा तळवा असला की हवेतला दमटपणा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत बसतो, आणि कोल्हापूरच्या पावसात बंद खोक्यात ठेवलेला बूट म्हणजे त्याला मोकळं रान. हे रसायनशास्त्र मला माझ्या एका विद्यार्थ्यानं मागाहून समजावलं. दुकानदारानं मात्र तुकडे हातात घेऊन, डॉक्टर नाडी बघतात तसं बघून, आपलं तिसरं वाक्य उच्चारलं. आजवर ते मी ऐकलं नव्हतं. "वापरायचे की ओ सर! न वापरता ठेवले म्हणून गेले."

आता वस्ताद. नारिंगी बूट अजून चावतच होते. आमच्याकडं जुनी पद्धत आहे: जोड घट्ट असला की चार दिवस मोठ्या पायाच्या माणसाला घालायला द्यायचा. वस्तादांपेक्षा मोठा पाय पंचक्रोशीत नाही. मी बूट दिले. ते म्हणाले, "देतो की सैल करून, त्यात काय." मग माझ्या मनात पाप आलं. भाकऱ्यांना सौ. आता नको म्हणत होती. मी घड्याळही काढून त्यांच्या हातात घातलं. पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला.

पहिल्या दिवशी 16,000. मुलगा खूश. मी ओट्यावर पाय पसरून पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी 18,400, आणि घड्याळानं जाहीर केलं की माझं शरीर 40 वर्षांचं आहे. मुलानं ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. मेहुण्यानं अंगठा दाखवला. मला चार ठिकाणांहून 'रहस्य काय' असे फोन आले. मी दुधी भोपळा सांगितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. तो मला न करता आईला केला होता.

"आई, बाबा ठीक आहेत ना?"

"चहा पितायत. का रे?"

"पहाटे साडेतीनला त्यांचे ठोके 152 होते. पाऊण तास! मी हार्टच्या डॉक्टरांशी बोलतोय, तू त्यांना आधी आडवं कर."

सौ.नं माझ्याकडं पाहिलं. मी बशीत चहा ओतण्यात गुंतलो.

"साडेतीनला हे घोरत होते," ती म्हणाली. "मी जागी होते म्हणून सांगते."

"मग घड्याळ कुणाच्या हातात होतं?"

"ते मी बघते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. लग्नाला 36 वर्षं झाली. 'ते मी बघते' नंतर तिनं खरोखर बघितलं नाही असं एकदाही झालेलं नाही.

मी तसाच उठून वस्तादांकडं गेलो. ते ओट्यावर दूध पीत बसले होते. पहाटे साडेतीनला काय करत होता असं विचारलं तर त्यांना प्रश्नच कळेना. "बैठका," ते म्हणाले. "साठ वर्षं साडेतीनलाच मारतोय. दुसरं काय करणार साडेतीनला?" मग घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "हे न्या बाबा तुमचं. दुपारी जरा डोळा लागला की म्हणतंय, उठा, थोडं चाला. मला उठ म्हणायची आजवर कुणाची टाप झाली न्हाई."

मी बूट मागितले. त्यांनी पाय पुढं केले. नारिंगी रंग शेणामातीनं तपकिरी झाला होता. नाड्या कुठं होत्या त्या देव जाणे. मागची कड दोन्ही बाजूंनी पार सपाट, जशी मला आठवडाभर दाबूनही साधली नव्हती. मी एक घालून बघितला. पाय आत गेला आणि अजून जागा उरली. पुढारीचा एक अख्खा अंक मावला असता.

"सैल झालेत," मी म्हणालो.

"कुठं सैल?" वस्ताद म्हणाले, आणि तो परत आपल्या पायात सरकवून त्यांनी बोटं हलवून बघितली. "अजून आठवडाभर राहू देत माझ्याकडं. आत्ता कुठं जरा रुळाय लागलेत."

मी माझी जुनी चप्पल घालून, हात पाठीमागं बांधून, घरी निघालो. दारात सौ. उभी होती. मनगट थरथरलं.